फोरट्रानमधील सीडची नोंद प्रयोगवहीत हवी

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकात महासंगणकांविषयी, मान्सूनच्या अंदाजांविषयी आणि विद्यापीठांतील संगणक प्रयोगशाळांविषयी अधूनमधून मजकूर येत असतो. मात्र त्या यंत्रांवर जे गणित चालते, त्यातील एका बारीकशा गोष्टीकडे शिक्षक, विद्यार्थी आणि संशोधनाचे मार्गदर्शक या तिघांचेही दुर्लक्ष होते आहे, म्हणून हे पत्र. भौतिकशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गांना मी बरीच वर्षे फोरट्रान ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवली आणि बहिःस्थ परीक्षक म्हणून निरनिराळ्या महाविद्यालयांतील प्रयोगवह्या तपासल्या. त्या आधारे माझे म्हणणे एवढेच आहे की, यादृच्छिक संख्या वापरणाऱ्या प्रोग्रॅमचे सीड, म्हणजे त्या संख्यांची सुरुवात ठरवणारा आकडा, हा प्रयोगाच्या नोंदीचाच भाग मानला जावा. ते रन (प्रोग्रॅम एकदा चालवणे) सुरू होण्यापूर्वी ठरवावे, पुरते भरावे, एकदाच द्यावे आणि उत्तराशेजारी लिहून ठेवावे. तापमान आणि दाब लिहिल्याशिवाय वायूचे आकारमान आपण स्वीकारत नाही, मग सीड न लिहिता आलेले उत्तर कसे स्वीकारतो?

ज्या वाचकांचा या विषयाशी संबंध येत नाही, त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी सांगतो. संगणक स्वतःहून फासे टाकत नाही. फोरट्रानमधील ‘रँडम नंबर’ हे सबरूटीन (नावाने बोलावता येणारा तयार उपप्रोग्रॅम) शून्य किंवा त्याहून मोठी, पण एकाहून लहान अशी संख्या देते खरे. परंतु ती ठरावीक सूत्राने काढलेली असते. या संख्या तयार करणाऱ्या जनरेटरच्या पोटात काही पूर्णांक साठवलेले असतात, प्रत्येक मागणीला ते ठरल्या रीतीने बदलतात आणि बदललेल्या स्थितीतून पुढची संख्या बाहेर पडते. सुरुवातीची स्थिती ज्या पूर्णांकांवरून ठरते, ते म्हणजे सीड. सीड तेच आणि कंपायलरही (प्रोग्रॅमचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा) तोच असेल, तर पहिल्या संख्येपासून कोट्यवधीव्या संख्येपर्यंत सगळा क्रम जसाच्या तसा पुन्हा मिळतो. पुष्कळांना हा दोष वाटतो. माझ्या मते मॉन्टे कार्लो पद्धतीची, म्हणजे यादृच्छिक संख्यांनी उत्तर काढण्याच्या पद्धतीची, ती मोठीच सोय आहे, कारण प्रोग्रॅममधली चूक शोधताना किंवा दुसऱ्याचे उत्तर पडताळताना तोच क्रम पुन्हा हाती येणे यासारखे सुख नाही.

पदव्युत्तर अभ्यासक्रमात हमखास असणारा प्रयोग म्हणजे चौरसात ठिपके टाकून पायची किंमत काढणे. एकूण ठिपक्यांपैकी जितके वर्तुळाच्या आत पडले त्या प्रमाणाला चाराने गुणले की पायची अंदाजी किंमत मिळते. दहा हजार ठिपके टाकले, तर या उत्तराचे प्रमाण विचलन सुमारे ०.०१६ येते, म्हणजे दोन विद्यार्थ्यांची उत्तरे दुसऱ्या दशांश स्थळालाच वेगळी पडणे हे प्रयोग नीट झाल्याचे लक्षण आहे. उत्तर तंतोतंत ३.१४१६ यायचे असेल, तर दहा हजारांपैकी बरोबर ७,८५४ ठिपके आत पडावे लागतात, आणि त्याची शक्यता शंभरात जेमतेम एक आहे. प्रयोगवह्यांत मात्र ३.१४१६ हा आकडा शंभरात एकाहून कितीतरी अधिक वेळा भेटतो. त्याचे कारण गूढ नाही. प्रोग्रॅम घड्याळावरून सीड घेतो, प्रत्येक रनला वेगळे उत्तर येते, आणि विद्यार्थी ‘बरोबर’ उत्तर दिसेपर्यंत एंटर दाबत राहतो. ते दिसले की तेवढेच वहीत उतरते. आधीची उत्तरे आणि त्यांची सीड पडद्यावरून वर सरकून जातात. याला लबाडी म्हणायला माझी जीभ रेटत नाही, कारण त्या मुलाला कोणीही सांगितलेले नसते की प्रयोगाचा निकाल ३.१२ किंवा ३.१६ आला, तरी तो योग्यच आहे आणि गुण त्या फरकाची कारणमीमांसा करण्याला आहेत. परंतु उत्तर पाहून सीड निवडणे ही सवय याच वयात लागते आणि पुढे प्रबंधापर्यंत सोबत येते.

याच्या नेमका उलट प्रकारही पाहिला आहे. संपूर्ण तुकडीचे उत्तर शेवटच्या दशांश स्थळापर्यंत एकच! येथे एकमेकांचे पाहून लिहिल्याचा संशय घेण्याआधी परीक्षकाने कंपायलरची आवृत्ती पाहिलेली बरी. जीफोरट्रान या कंपायलरच्या ७ व्या आवृत्तीपूर्वी, म्हणजे २०१७ पूर्वी, सीड न दिल्यास जनरेटर नेहमी एकाच ठरीव स्थितीतून सुरू होत असे. एवढेच नव्हे, तर ‘रँडम सीड’ हे सबरूटीन कोणतेही आर्ग्युमेंट (कंसात द्यायची माहिती) न देता, रिकाम्या कंसाने कॉल केले, तरी तो पुन्हा त्याच स्थितीला जात असे. ७ व्या आवृत्तीपासून तोच रिकामा कॉल ऑपरेटिंग सिस्टिमकडून यादृच्छिक बिट घेऊन सीड भरतो, त्यामुळे प्रत्येक रन वेगळा होतो. इंटेलच्या कंपायलरमध्ये रिकामा कॉल तारीख आणि वेळ यांवरून सीड ठरवतो. या साऱ्यात बेकायदा असे काही नाही, कारण रिकाम्या कॉलने काय व्हावे हे फोरट्रानच्या मानकाने कंपायलरवरच सोडले आहे. परिणाम मात्र असा होतो की जुन्या प्रयोगशाळेत शिकलेल्या शिक्षकाची टिपणे नव्या संगणकावर वेगळेच वागतात, आणि प्रोग्रॅममधला एकही शब्द न बदलता निकाल का बदलला, याचे उत्तर वर्गात कोणालाच देता येत नाही. म्हणून रिकाम्या कॉलवर विसंबू नये, आपल्याला काय हवे ते स्पष्ट लिहावे, असे माझे स्वच्छ मत आहे.

स्पष्ट लिहायचे म्हटले की बहुतेकांचा हात घड्याळाकडे जातो. ‘डेट अँड टाइम’ हे सबरूटीन आठ पूर्णांक देते आणि त्यातला आठवा मिलिसेकंदांचा असतो. तो सर्वांत चंचल दिसतो, म्हणून तेवढाच सीडसाठी घेण्याची पद्धत पुष्कळ टिपणांत आढळते. पण मिलिसेकंद शून्यापासून ९९९ पर्यंतच असतात, म्हणजे या प्रोग्रॅमला जन्मभरात फक्त एक हजार वेगवेगळे क्रम माहीत असतात. चाळीस रन घेतले, तर त्यांतील किमान दोन रनांचे सीड एकच असण्याची शक्यता निम्म्याहून अधिक होते आणि शंभर रन घेतले, तर ती ९९ टक्क्यांच्याही पुढे जाते. एका खोलीतल्या माणसांच्या वाढदिवसांचे जे कोडे शाळेत घातले जाते, तेच हे गणित. विद्यार्थी शंभर रनांची सरासरी काढतो, शंभर स्वतंत्र उत्तरे धरून त्रुटी मोजतो, आणि त्यांतली काही उत्तरे अक्षरशः एकमेकांच्या प्रती आहेत हे त्याच्या गावीही नसते.

घड्याळाची दुसरी पाककृती अधिक प्रतिष्ठित आहे, कारण ती एके काळी जीफोरट्रानच्या स्वतःच्या मॅन्युअलमध्ये उदाहरण म्हणून छापलेली होती. ‘सिस्टिम क्लॉक’चा आकडा घ्यायचा आणि सीडच्या अ‍ॅरेत (पूर्णांकांच्या ओळीने मांडलेल्या घरांत) त्या आकड्यात अनुक्रमे ०, ३७, ७४, १११ असे मिळवत जायचे. पुढे मॅन्युअलमधून ही कृती काढून टाकण्यात आली आणि तिच्या जागी लिनक्सची ‘यूरँडम’ ही यादृच्छिक बिट देणारी फाइल वाचण्याचे उदाहरण आले. पण झेरॉक्स टिपणांचे आयुष्य मॅन्युअलपेक्षा मोठे असते. या कृतीत अ‍ॅरेतील सारे पूर्णांक एकाच अंकगणिती श्रेढीत बसतात. बरोबर ३७ मिलिसेकंदांच्या अंतराने सुरू झालेल्या दोन रनांची सीड पाहिली, तर एकाची अ‍ॅरे म्हणजे दुसऱ्याचीच अ‍ॅरे एक घर सरकवलेली असते. असे पद्धतशीर सीड दिल्यास अनेक नामांकित जनरेटरांचे क्रम एकमेकांशी संबंधित निघतात, हे जपानी गणितज्ञ माकोतो मात्सुमोतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दाखवून दिले. मात्सुमोतो आणि निशिमुरा यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मर्सेन ट्विस्टर या जनरेटरचीही सीड भरण्याची मूळ रीत अपुरी ठरली होती आणि ती २००२ मध्ये सुधारावी लागली. ज्याचा क्रम २ चा १९,९३७ वा घात वजा एक इतका लांब, त्या जनरेटरलाही सुरुवात नीट लागते, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे.

सीड कोठे द्यावे याबद्दलही घोळ आहे. ते प्रोग्रॅमच्या सुरुवातीला एकदा द्यायचे असते, लूपच्या (पुन्हा पुन्हा चालणाऱ्या भागाच्या) आत नव्हे. जीफोरट्रानमध्ये ‘रँड’ नावाचे जुने फंक्शन अजून मिळते, जरी ते मानकाचा भाग नाही. त्याला शून्य दिले तर क्रमातली पुढची संख्या मिळते, एक दिले तर क्रम पुन्हा मुळापासून सुरू होतो आणि अन्य कोणताही आकडा दिला, तर तो नवे सीड म्हणून बसतो. हे ठाऊक नसलेला विद्यार्थी लूपमध्ये ‘रँड’ला १२३४ देत राहतो, प्रत्येक फेरीत तीच संख्या येते आणि यादृच्छिक भ्रमणाच्या प्रयोगातला त्याचा कण एकाच दिशेने नाकासमोर चालत जातो. ही चूक निदान आलेखावर दिसते. लूपच्या आत मिलिसेकंदांवरून सीड देणाऱ्याची चूक अधिक लपून राहते, कारण एका मिलिसेकंदात हजारो फेऱ्या उरकतात. तेवढ्या फेऱ्यांत एकच संख्या, मग पुढच्या मिलिसेकंदाला दुसरी एकच संख्या, आणि सरासरी काढली की सगळे वरवर ठीकच भासते.

आता योग्य रीत. फोरट्रान ही भाषा १९५७ साली आयबीएमच्या ७०४ या यंत्रासाठी आली, तरी यादृच्छिक संख्यांची सोय तिच्या मानकात आली ती थेट फोरट्रान ९० मध्ये. तेव्हापासून ‘रँडम सीड’ला तीन आर्ग्युमेंट आहेत आणि एका कॉलमध्ये त्यांतले एकच देता येते: ‘साइज’ने सीडसाठी किती पूर्णांक लागतात ते कळते, ‘पुट’ने सीड देता येते आणि ‘गेट’ने सध्याचे सीड काढून घेता येते. पहिली पायरी ‘साइज’ विचारण्याचीच हवी, कारण हा आकडा कंपायलरगणिक बदलतो. इंटेलमध्ये तो २ आहे, जीफोरट्रानच्या ७ व्या आवृत्तीत ३३ होता आणि आज झोशिरो २५६ हा जनरेटर आल्यावर तो ८ आहे. बाराच पूर्णांकांची अ‍ॅरे प्रोग्रॅममध्ये ठोकून बसवणाऱ्याचा प्रोग्रॅम ३३ मागणाऱ्या कंपायलरवर अडला, की तो वैतागून शंभराची अ‍ॅरे घेतो, पहिल्या दोन घरांत आकडे लिहितो आणि बाकीची घरे तशीच सोडतो. त्या न भरलेल्या घरांत मेमरीतला जो कचरा असेल तो सीडमध्ये जातो. मग सीड लिहून ठेवले असूनही रन पुन्हा मिळत नाही, आणि दोष भलत्याच गोष्टीला दिला जातो.

अ‍ॅरे ‘साइज’ने सांगितलेल्या आकाराची अ‍ॅलोकेट केली, की ती एकाच लक्षात ठेवण्याजोग्या आकड्यापासून भरता येते. मी वर्गात देत असलेली रीत जीफोरट्रानच्याच मॅन्युअलमधील नंतरच्या उदाहरणात होती. आपला आकडा ६४ बिटांच्या पूर्णांकात ठेवायचा. तो शून्य असेल तर त्याऐवजी १,०४,७२९ घ्यायचा, कारण शून्याला कशानेही गुणले तरी शून्यच राहणार. मग प्रत्येक घरासाठी त्याला २७,९४,७०,२७३ ने गुणून ४,२९,४९,६७,२९१ ने भागायचे आणि बाकी ठेवायची. हा भाजक २ च्या ३२ व्या घाताच्या लगेच खालची मूळ संख्या आहे, आणि हा गुणाकार ६४ बिटांत सुखरूप मावतो. ३२ बिटांच्या पूर्णांकात तो उतू जाईल आणि तसे झाले तर काय व्हावे हे मानक सांगत नाही. बाकी ३२ बिटांच्या चिन्हांकित पूर्णांकापेक्षा मोठी असू शकते, म्हणून अ‍ॅरेत टाकताना तिला २,१४,७४,८३,६४७ ने पुन्हा भागून बाकी घ्यायची. पुढच्या घरासाठी मात्र मूळ बाकीच वापरायची. चार-पाच ओळींचे हे काम आहे. त्यानंतर ‘पुट’, आणि ‘पुट’च्या लगेच खाली मूळ आकडा आउटपुट फाइलच्या पहिल्या ओळीत छापणारे विधान. ही शेवटची ओळ मी सर्वांत महत्त्वाची मानतो, आणि तीच सर्वांत जास्त वेळा राहते.

ज्यांना खरोखर दर वेळी वेगळा रन हवा आहे, त्यांनी ऑपरेटिंग सिस्टिमकडून सीड जरूर घ्यावे, परंतु ते घेतल्यावर एकही संख्या न मागता आधी ‘गेट’ करून पूर्ण अ‍ॅरे फाइलमध्ये लिहावी. तीच अ‍ॅरे पुढे ‘पुट’ केली की तोच क्रम परत मिळतो. फोरट्रान २०१८ मध्ये ‘रँडम इनिट’ नावाचे सबरूटीन आले आहे आणि जीफोरट्रानमध्ये ते ९ व्या आवृत्तीपासून मिळते. त्याला दोन होय-नाही उत्तरे द्यायची असतात: क्रम दर रनला तोच हवा का, आणि समांतर चालणाऱ्या प्रोग्रॅमच्या प्रत्येक प्रतीला (इमेजला) वेगळा क्रम हवा का. वाचायला हे फार स्वच्छ आहे आणि रिकाम्या कॉलची संदिग्धता त्यात उरत नाही. पण पहिल्या प्रश्नाला होय म्हटले, तरी कोणता क्रम हे आपल्याला निवडता येत नाही. त्यामुळे पुन्हा मिळवता येतील असे वीस निरनिराळे रन ज्याला हवेत, त्याला ‘पुट’शिवाय गत्यंतर नाही.

सीडची सर्वांत महागडी चूक समांतर संगणनात होते. एमपीआय या समांतर संगणनाच्या साधनाने सोळा प्रोसेस (एकाच प्रोग्रॅमच्या स्वतंत्र प्रती) सुरू केल्या आणि प्रत्येकीने इनपुट फाइलमधून तेच सीड वाचले, तर सोळाही प्रोसेस अगदी एकच काम सोळा वेळा करतात. सरासरी बिघडत नाही, म्हणून कोणाला संशय येत नाही. बिघडते ती त्रुटीची मर्यादा: स्वतंत्र नमुने सोळा पट झाले असे धरून प्रमाण त्रुटी चाराने भागली जाते, प्रत्यक्षात नमुना एकच असतो, आणि निकाल आहे त्यापेक्षा चौपट अचूक असल्याचा दावा शोधनिबंधात छापला जातो. एकाच साक्षीदाराला सोळा वेळा पिंजऱ्यात उभे करून सोळा साक्षी झाल्या म्हणण्यासारखे हे आहे. क्लस्टरवर (जोडलेल्या संगणकांच्या समूहावर) रांगेतून एकदम सुटलेले जॉब घड्याळावरून सीड घेत असतील, तर तिथेही हेच घडू शकते. यावर सोपा मार्ग म्हणजे वर सांगितलेल्या सूत्राची एकच लांब माळ धरावी आणि शून्य क्रमांकाच्या प्रोसेसने तिच्यातले पहिले आठ पूर्णांक, एक क्रमांकाच्या प्रोसेसने पुढचे आठ, याप्रमाणे आपापला वाटा उचलावा. ओपन-एमपी या पद्धतीतील थ्रेडची, म्हणजे एकाच प्रोसेसमधील समांतर धाग्यांची, काळजी जीफोरट्रान स्वतः घेतो. तिथे प्रत्येक थ्रेडची स्थिती स्वतंत्र असते आणि दोन थ्रेडच्या क्रमांत २ च्या १२८ व्या घाताइतके अंतर ठेवलेले असते. पण प्रोसेस म्हणजे थ्रेड नव्हे, आणि ही सोय एमपीआयला आपोआप लागू होत नाही.

हे काम नीट कसे करावे याचा नमुना पाहायचा असेल, तर फार लांब जायला नको. पुण्यात हवामानशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना परिचित असलेले, मुख्यतः फोरट्रानमध्ये लिहिलेले डब्ल्यूआरएफ हे हवामान अंदाजाचे मॉडेल घ्यावे. एकाच दिवसाचा अंदाज किंचित वेगवेगळ्या गडबडी घालून अनेकदा चालवण्याची जी पद्धत आहे, तिच्यासाठी या मॉडेलच्या नेमलिस्टमध्ये (सेटिंगच्या फाइलमध्ये) ‘एनएन्स’ नावाचा आकडा असतो आणि समूहातील प्रत्येक सदस्याला तो वेगळा द्यावा लागतो. यादृच्छिक गडबडीचे सीड हा सदस्य क्रमांक आणि अंदाज सुरू होण्याची वेळ या दोहोंवरून ठरते. त्यामुळे एका दिवसाचे सदस्य एकमेकांपासून वेगळे राहतात, आजचा तिसरा सदस्य कालच्या तिसऱ्याची गडबड घेऊन बसत नाही, आणि तरीही वर्षभराने कोणी तोच अंदाज पुन्हा चालवला, तर नेमलिस्ट पाहून सीड परत मिळते. येथे वेळ वापरली आहे, पण ती संगणकाच्या घड्याळातली नव्हे, प्रयोगातली आहे. घड्याळावर विसंबणाऱ्यांनी हा भेद समजून घ्यावा.

सीड जपले की सारे भागते, असे मात्र मला म्हणायचे नाही. १९६० च्या दशकात आयबीएमच्या वैज्ञानिक सबरूटीन संग्रहात ‘रँडू’ नावाचे फोरट्रान सबरूटीन होते. त्याच्या सूचनेप्रमाणे सीड म्हणून जास्तीत जास्त नऊ अंकी कोणतीही विषम संख्या द्यायची, पुढे प्रत्येक संख्या ६५,५३९ ने गुणायची आणि २ च्या ३१ व्या घाताने भागून बाकी घ्यायची. हा गुणक म्हणजे २ चा १६ वा घात अधिक तीन. त्याचा वर्ग करून २ च्या ३१ व्या घाताने भागले, तर उरणारी बाकी ही मूळ गुणकाची सहापट वजा नऊ इतकी येते, हे कोणीही कागदावर करून पाहू शकतो. याचा अर्थ, क्रमातली कोणतीही संख्या तिच्या आधीच्या संख्येची सहापट वजा त्याआधीच्या संख्येची नऊपट अशी असते, अर्थात त्याच भाजकाची बाकी धरून. त्यामुळे लागोपाठच्या तीन-तीन संख्या घेऊन घनात ठिपके मांडले, तर ते सगळे अवघ्या १५ समांतर प्रतलांवर जाऊन बसतात. विषम संख्या कितीही विचारपूर्वक निवडली, तरी या प्रतलांतून सुटका नाही. जॉर्ज मार्साग्लिया यांनी १९६८ मध्ये या जातीच्या सगळ्याच जनरेटरांचा हा दोष दाखवला, तरी ‘रँडू’ची नक्कल पुढेही बराच काळ फिरत राहिली. म्हणून सीडबरोबर कंपायलर आणि त्याची आवृत्ती यांचीही नोंद हवी. जनरेटर कोणता होता, हे त्यावरूनच कळते.

एक आक्षेप मला नेहमी ऐकायला मिळतो: आधीच ठरवलेल्या सीडने काढलेल्या संख्यांना यादृच्छिक तरी का म्हणावे? भौतिकशास्त्राला त्या संख्या कोणाला ओळखता येऊ नयेत याची गरज नसते. त्या सारख्या प्रमाणात विखुरलेल्या आणि एकमेकींशी संबंध नसलेल्या असल्या की पुरते. जिथे ओळखता न येणे हीच गरज आहे, म्हणजे घरांची सोडत, पासवर्ड किंवा बँकेच्या किल्ल्या, तिथे फोरट्रानचे ‘रँडम नंबर’ वापरूच नये, सीड कसेही दिलेले असो. त्या क्षेत्रातही धडा हाच आहे. डेबियन लिनक्समधील ओपन-एसएसएल या सांकेतिक सुरक्षेच्या संग्रहात झालेल्या एका बदलामुळे किल्ल्या तयार करताना प्रोसेसचा क्रमांक एवढेच काय ते बदलते सीड उरले होते, हे २००८ मध्ये उघड झाले. दिलेल्या प्रकारच्या आणि लांबीच्या जेमतेम ३२ हजार किल्ल्या त्यातून निघू शकत होत्या. घड्याळाच्या आकड्यात प्रोसेस क्रमांक मिसळला की निश्चिंत झालो असे समजणाऱ्यांनी हा आकडा आठवावा.

विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांना आपल्या दैनिकामार्फत माझी विनंती आहे की, संगणकीय भौतिकीच्या प्रात्यक्षिकाच्या ठरीव नमुन्यात उद्दिष्ट, सूत्र, प्रोग्रॅम आणि निष्कर्ष यांच्यासोबत सीड, कंपायलरची आवृत्ती आणि प्रोसेसची संख्या यांची एक ओळ सक्तीची करावी, आणि मॉन्टे कार्लो पद्धतीवर आधारलेल्या प्रबंधांतही ती मागावी. परीक्षेपुरती तर याहून सोपी तोड आहे. प्रत्येक विद्यार्थ्याने आपला बैठक क्रमांक हेच सीड म्हणून वर दिलेल्या सूत्रातून भरावे, असे प्रात्यक्षिकाच्या स्लिपवरच छापावे. तो क्रमांक आधीच ठरलेला असतो, प्रत्येकाचा वेगळा असतो आणि उत्तरपत्रिकेवर तसाही लिहावाच लागतो. त्याच संगणकावर तोच क्रमांक देऊन परीक्षकाला कोणतेही उत्तर जागच्या जागी पडताळता येईल, आणि सगळ्या तुकडीची पायची उत्तरे फळ्यावर मांडली, तर त्यांचे प्रमाण विचलन ०.०१६ च्या आसपास येते की नाही, हेही विद्यार्थ्यांसमोरच मोजता येईल.

आपला विश्वासू,
एक निवृत्त प्राध्यापक, सांगली